दारावरची कडी



गेल्या काही वर्षांत आपल्या धर्मग्रामात नवीन इमारती बऱ्याच उभ्या राहिल्या आहेत. त्यामुळे घर आशीर्वादित करण्यासाठी मला वरचेवर बोलावणे येते. लिफ्टने वर जायचे, चपला काढायच्या आणि दार उघडेपर्यंत उभे राहायचे. त्या अर्ध्या मिनिटात एक गोष्ट मी पुष्कळ घरी पाहिली आहे. दाराच्या मधोमध पितळेचे सिंहाचे तोंड असते आणि त्याच्या दातांत एक गोल कडी असते. शेजारी बेलचे बटन असतेच. काही ठिकाणी तर आलेला माणूस मोबाईलवर दाखवणारी कॅमेऱ्याची बेलही असते.

एका घरी मी सहज ती कडी वाजवायला गेलो. ती हलेचना. एवढ्यात आतून दार उघडले आणि यजमान हसून म्हणाले, "फादर, ती शोभेची आहे. चिकटवलेलीच येते. बेल दाबायची!"

घराला आशीर्वाद दिला, चहा झाला, फुगे खाल्ले, पण ती न हलणारी कडी काही डोक्यातून जाईना. विजेच्या घंटेचा शोध १८३१ साली अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी लावला. तिला आता दोनशे वर्षे व्हायला आली. दार ठोठावण्यासाठी कडीची गरज उरलेली नाही हे शाळकरी पोरालाही कळते. तरीही माणसे दुकानात जाऊन, निवडून, पैसे मोजून दारावर सिंहाचे तोंड लावतात. सिंहच का? आणि वाजवायची नाही तर कडी तरी का? ह्या रविवारी आपण ह्याच गोष्टीचा थोडा अभ्यास करू.

सिंह दारावर कसा आला

दार ठोठावण्याच्या कडीची रचना अगदी साधी. दाराला घट्ट बसवलेली एक तबकडी, तिच्यावर वरखाली हलणारी कडी किंवा दांडा, आणि तो जिथे आपटतो तिथे ठोकलेला एक जाड खिळा किंवा लहानसा धातूचा तुकडा. हा तुकडा नसेल तर रोजच्या माराने लाकूड झिजते. आवाज करते ते खरे तर दारच. जाड सागवानी दारावर कडी पडली की आवाज घरभर घुमतो. आजच्या पोकळ फ्लश दारावर तीच कडी लावली तर नुसता थापटल्यासारखा आवाज येतो. आपल्याकडच्या जुन्या घरांच्या दाराला बाहेरून जी लोखंडी कडी असते ती तीन कामे करायची. दार ओढून घ्यायचे, कोयंड्यात अडकवून कुलूप लावायचे, आणि घरात कोणी आहे का ते विचारायचे. "कडी वाजली, बघ कोण आलंय," हे वाक्य माझ्या आजीच्या तोंडून मी किती वेळा ऐकले असेल!

कडीला तोंड देण्याची हौस मात्र फार जुनी आहे. तोंडात कडी धरलेली ब्राँझची सिंहमुखे ग्रीक आणि रोमन लोकांच्या वेळेपासून सापडतात. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान राजवटीतही थडग्यांच्या दारांवर तोंडात कडी धरलेले प्राणी कोरलेले आहेत. तिथल्या लोककथेत ड्रॅगनला नऊ मुले असतात. त्यांपैकी एकाला तोंड गच्च मिटून बसणे फार आवडते, म्हणून त्याला दारावर बसवले अशी मोठी गोड कल्पना आहे.

युरोपातल्या चर्चच्या दारांवर सिंह स्थिरावला तो मध्ययुगात. जर्मनीतल्या आखेन शहरात सम्राट शार्लमेनच्या चर्चचे ब्राँझचे दार साधारण इ. स. ८०० च्या सुमाराचे आहे. त्यावर सिंहाची तोंडे आहेत. ह्या दाराची एक दंतकथा तिथली मुले लहानपणापासून ऐकतात. चर्च बांधताना पैसे संपले. सैतान म्हणाला, पैसे मी देतो, पण चर्चमध्ये पहिला जो जीव पाऊल टाकील तो माझा. नगरवासीयांनी चर्च पूर्ण झाल्यावर आत एक लांडगा सोडला. फसवणूक कळताच सैतान संतापला, त्याने दार असे आपटले की त्याचा अंगठा सिंहाच्या तोंडात अडकून तुटला. आजही त्या सिंहाच्या तोंडात बोट घातले तर आत अंगठ्यासारखा ब्राँझचा तुकडा लागतो आणि पर्यटक रांग लावून तो चाचपतात. अर्थात हा ओतकामातला प्रकार आहे. पण चर्चच्या बांधकामासाठी पैसे कोणाकडून घ्यावेत ह्याचा विचार जुन्या काळी सुद्धा लोक करत होते, हे वाचून मला आपल्या बांधकाम समितीची आठवण झाली!

त्यानंतर दोनशे वर्षांनी, १०१५ साली, हिल्डेसहाइमचे बिशप बर्नवर्ड यांनी ब्राँझचे दोन फळ्यांचे दार करून घेतले. प्रत्येक फळी एकसंध ओतलेली आहे. एका फळीवर आदाम-एवेपासून काईन-हाबेलपर्यंतच्या घटना आहेत, दुसरीवर प्रभू येशूचे जीवन. आणि ह्या सगळ्या पवित्र चित्रांच्या मध्ये दोन सिंह कड्या धरून आहेत. त्यांना हात लावल्याशिवाय दार ओढता येत नाही.

सिंहच निवडण्यामागे एक समजूत होती. त्या काळी प्राण्यांविषयीची पुस्तके मठामठांतून हाताने नकलून घेतली जात. त्यांत लिहिलेले असे की सिंह डोळे उघडे ठेवून झोपतो. म्हणजे दारावर पहारा करायला ह्याच्यासारखा कोणी नाही. शिवाय सिंहाचा छावा मेलेला जन्मतो आणि तिसऱ्या दिवशी बापाच्या फुंकरीने जिवंत होतो, असेही ती पुस्तके सांगत. तिसरा दिवस म्हटल्यावर तो सिंह चर्चच्या दारावर का आला हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. पण आज तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या दारावर जो पितळी सिंह बसला आहे तो ह्या चुकीच्या प्राणिशास्त्राचाच वंशज आहे.

डरहॅमची कडी

मला स्वतःला ह्या सगळ्या सिंहांत एकच फार जवळचा वाटतो. तो इंग्लंडच्या उत्तरेला डरहॅम येथील कॅथेड्रलच्या उत्तर दारावर होता. बाराव्या शतकातले काम. तो सिंह आहे की आणखी कोणी हे नीट सांगता येत नाही. आयाळ ज्वाळांसारखी पसरलेली, डोळ्यांच्या जागी रिकाम्या खोबणी, आणि तोंडात जाड कडी. पहिल्यांदा त्याचा फोटो पाहिला तेव्हा मला तो भेसूर वाटला. त्याचे काम कळले तेव्हा तोच चेहरा वेगळा दिसू लागला.

इंग्लंडमध्ये त्या काळी चर्चच्या आश्रयाचा कायदा होता. ज्याच्या हातून गुन्हा घडला आहे, मनुष्यवध सुद्धा, आणि ज्याच्या मागे सूड घ्यायला माणसे लागली आहेत, त्याने चर्च गाठले तर त्याला तिथून ओढून नेता येत नसे. डरहॅमला संत कथबर्ट यांची समाधी आहे, त्यामुळे तिथल्या आश्रयाला विशेष मान होता. पळत आलेला माणूस ही कडी वाजवायचा. दाराच्या वरच्या बाजूला दोन लहान खोल्या होत्या. त्यांत माणसे झोपायला असत, ती एवढ्याचसाठी, की रात्री कोणत्याही वेळी कडी वाजली तर लगेच खाली उतरून दार उघडावे. दार उघडले की चर्चची एक घंटा वाजवत. गावाला कळायचे, कोणीतरी आश्रयाला आले आहे.

आत आल्यावर त्याला हत्यार खाली ठेवावे लागे आणि साक्षीदारांसमोर आपला गुन्हा सांगावा लागे. मग त्याला काळा झगा देत. डाव्या खांद्यावर पिवळ्या कापडाचा संत कथबर्टचा क्रूस असे. ३७ दिवस अन्न, पाणी, अंथरूण सर्व मठाच्या खर्चाने. तेवढ्या दिवसांत त्याने शत्रूंशी समेट करायचा, नाही तर देश सोडून जाण्याची शपथ घेऊन बंदराकडे चालू लागायचे. १४६४ ते १५२४ ह्या साठ वर्षांच्या नोंदी शिल्लक आहेत. त्यांत ३३१ माणसांनी आश्रय मागितल्याचे दिसते. बहुतेकांच्या हातून खून झालेला होता.

हे वाचताना तुमच्या मनात जो प्रश्न येईल तो माझ्याही आला. गुन्हेगारांना लपवणारा हा कायदा न्याय्य होता का? मेलेल्या माणसाची बायको-मुले बाहेर उभी असताना मारणाऱ्याला आत जेवण वाढायचे? सेमिनरीत तत्त्वज्ञानाचे वर्ग चालत तेव्हा अशा प्रश्नावर आम्ही तास न् तास भांडलो असतो. माझे मत सांगतो. तेव्हा पोलीस नव्हते. न्यायाधीश गावोगाव फिरत, ते महिनोन् महिने येत नसत. मेलेल्याचे नातेवाईकच तलवार घेऊन निघत आणि एका खुनाचे चार खून होत. ३७ दिवस म्हणजे राग थंड होण्यापुरती मुदत. कायदा माफी देत नव्हता, वेळ देत होता. त्याचा गैरवापरही पुष्कळ झाला. पुढे आठव्या हेन्रीने त्याला कात्री लावली आणि सतराव्या शतकात, पहिल्या जेम्स राजाच्या कारकिर्दीत, गुन्हेगारांचा हा हक्क रद्द झाला. न्यायालये चालू लागल्यावर तो जाणे योग्यच होते. आपण मराठीत अजूनही "न्यायालयाचे दार ठोठावले" असे म्हणतो. वर्तमानपत्रात रोज छापून येणारे हे शब्द, डरहॅममध्ये कोणे एके काळी अक्षरशः खरे होते.

मूळ कडी १९८० साली दारावरून उतरवून कॅथेड्रलच्या संग्रहालयात ठेवण्यात आली. दारावर आता तिची हुबेहूब प्रतिकृती आहे.

कडीसाठी घर विकत घेतले

आता जरा हलकी गोष्ट. ऑक्सफर्ड विद्यापीठात ब्रेझनोज नावाचे कॉलेज आहे. ह्या नावाचा अर्थ होतो पितळी नाक. जिथे ते कॉलेज उभे आहे तिथे पूर्वी एक वसतिगृह होते आणि त्याच्या दारावर प्राण्याच्या चेहऱ्याची धातूची कडी होती. नाक जरा ठळक असावे, कारण घराला नाव पडले ते नाकाचे. १३३० नंतरच्या काही वर्षांत विद्यापीठात दंगली झाल्या, तेव्हा काही विद्यार्थी आणि शिक्षक रुसून स्टॅमफर्ड ह्या गावी निघून गेले. जाताना दारावरची कडीही उचलून घेऊन गेले म्हणे! राजाने त्यांना परत आणले, पण कडी तिकडेच राहिली. ऑक्सफर्डने मात्र राग डोक्यात धरला. स्टॅमफर्डमध्ये शिकवणार नाही अशी शपथ तिथल्या पदवीधरांना १८२७ सालापर्यंत घ्यावी लागे. जवळजवळ पाचशे वर्षे!

१८९० साली स्टॅमफर्डचे ते घर विक्रीस निघाले. ब्रेझनोज कॉलेजने केवळ कडी मिळावी म्हणून अख्खे घर विकत घेतले. ती कडी आता कॉलेजच्या भोजनगृहात, प्रमुख मेजाच्या वर भिंतीवर लावलेली आहे. तिथे ती कोणी वाजवत नाही. पण साडेपाचशे वर्षांनी परत आलेल्या वस्तूला शोभेची म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

लंडनमध्ये इंग्लंडच्या पंतप्रधानांचे १०, डाउनिंग स्ट्रीट हे घर तुम्ही टीव्हीवर पाहिले असेल. त्या काळ्या दारावरही सिंहमुखाची कडी आहे. १९९१ साली त्या घराच्या मागच्या बाजूला अतिरेक्यांनी तोफगोळे डागले. त्यानंतर लाकडी दार काढून बॉम्बस्फोटाला दाद न देणारे पोलादी दार बसवले. पोलिसांचा पहारा आहे, कॅमेरे आहेत, अनोळखी माणूस त्या दारापर्यंत पोहोचूच शकत नाही. तरी सिंह आणि कडी मात्र जशीच्या तशी ठेवली. ती नसती तर ते दार तिजोरीसारखे दिसले असते, असे मला वाटते.

ठोक्यावरून माणूस ओळखणे

सिंहाखालोखाल लोकप्रिय असलेला आकार म्हणजे हात. स्पेन, पोर्तुगाल, फ्रान्सचा दक्षिण भाग, मोरोक्को ह्या देशांत जुन्या दारांवर बाईचा नाजूक हात दिसतो. मनगटाला झालर, बोटात अंगठी आणि मुठीत एक गोळा. गोळा उचलून आपटायचा. ह्याला "फातिमाचा हात" म्हणतात. आपण फातिमा म्हटले की १९१७ साली तीन मुलांना दर्शन देणारी पवित्र मरिया डोळ्यांसमोर येते. ही फातिमा वेगळी, प्रेषित महंमद यांची कन्या. तिच्या नावाचा हात घराचे वाईट नजरेपासून रक्षण करतो अशी मुसलमान लोकांत समजूत आहे. तो हात ख्रिस्ती घरांच्या दारांवरही राहिला, त्यात कोणाला काही खटकले नाही. माल्टा बेटावर गेलात तर पितळेचे डॉल्फिन मासे दिसतील, शेपट्या वर करून जोडीने बसलेले. समुद्रावर जगणाऱ्यांनी सिंहापेक्षा मासा जवळचा मानला.

इराणमध्ये यझ्द आणि काशान ह्या जुन्या शहरांत तर दाराच्या दोन फळ्यांवर दोन वेगवेगळ्या कड्या असतात. एक जाड दांडा, त्याचा आवाज खर्जातला. दुसरी पातळ वाटोळी कडी, तिचा आवाज बारीक. पुरुषाने दांडा वाजवायचा, बाईने कडी. आवाजावरून आतल्यांना कळायचे की कोण आले आहे आणि दार उघडायला कोणी जायचे, बाईने की पुरुषाने. ही व्यवस्था आज आपल्याला पटो न पटो. पण आलेला कोण, हे त्याला न पाहता कळावे आणि घरातल्या माणसाला पदर सावरायला वेळ मिळावा, ह्यातली समज मला मोठी वाटते.

इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात ठोक्यांचीही अशीच भाषा होती. पोस्टमन दोनदा झटपट ठोकायचा. दुकानदाराच्या माणसाने एकच ठोका द्यायचा. श्रीमंतांचा नोकर मालकाच्या आगमनाची वर्दी देताना दार हादरेपर्यंत ठोकत राहायचा. माणसाचा तोरा कडीतूनही ऐकू येतो! घरात कोणी आजारी असले किंवा बाळंतीण असली की कडीला कापड किंवा जुना हातमोजा गुंडाळत, म्हणजे आवाज होऊ नये. चार्ल्स डिकन्सच्या "निकोलस निकल्बी" ह्या कादंबरीत असा हातमोजा घातलेली कडी आहे. घरात मयत झाली तर कडीला काळे कापड बांधत. येणाऱ्याला दारातच कळायचे की आत कोणत्या तोंडाने जायचे. आपल्या अंगणात मांडव दिसला की लग्न कळते आणि खुर्च्या मांडलेल्या दिसल्या की पोटात धस्स होते, तसेच ते. इमारतीच्या चौथ्या मजल्यावर मात्र असे काही कळायला वाट उरलेली नाही. शेजारच्या फ्लॅटमधले आजोबा गेल्याचे दोन दिवसांनी कळले, असे मला आपल्याच धर्मग्रामातील एका भगिनीने सांगितले.

ह्याच डिकन्सने १८४३ साली "ए ख्रिसमस कॅरोल" ही नाताळची गोष्ट लिहिली. त्यातला कंजूष स्क्रूज नाताळच्या आदल्या संध्याकाळी घरी येतो आणि दाराच्या कडीत त्याला सात वर्षांपूर्वी मेलेल्या भागीदाराचा, मार्लीचा, चेहरा दिसतो. ज्याच्या दारावर कोणी येत नाही अशा माणसाला जागे करायला लेखकाने नेमकी दारावरची कडी निवडली.

गेऑर्ग झिमेल नावाच्या जर्मन विचारवंताचा पूल आणि दार ह्या विषयावर १९०९ सालचा एक छोटा निबंध आहे. सेमिनरीत आम्हांला तो एका प्राध्यापकांनी वाचायला लावला होता. भिंत फक्त वेगळे करते, पण दार बंद असले तरी ते कोणीतरी बंद केलेले असते आणि तोच माणूस ते उघडू शकतो, असा त्याचा रोख आहे. मला वाटते, कडीचे आकर्षण इथे आहे. कडी दाराच्या बाहेरच्या बाजूला असते. घरात राहणाऱ्याला तिचा काही उपयोग नाही. घरमालकाने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या दारावर, दुसऱ्याच्या हातासाठी लावलेली ही वस्तू आहे. म्हणूनच तिला चेहरा द्यावासा वाटतो, हात द्यावासा वाटतो. बेलचे बटन हेच काम करते, पण बटनाशी आपली ओळख होत नाही. पितळेची कडी शेकडो हातांनी झिजून मधोमध चकचकीत होते. तिथे पितांबरी लावावी लागत नाही.

कोण उघडणार?

दार ठोठावण्याच्या गोष्टी पवित्र शास्त्रात पुष्कळ आहेत. मध्यरात्री भाकरी मागायला आलेला शेजारी (लूक ११) आपल्या सर्वांच्या ओळखीचा आहे. मला मात्र प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२ मधली रुदा फार आवडते. पेत्र तुरुंगातून सुटून रात्री मार्कच्या आईच्या घरी येतो आणि दार ठोठावतो. रुदा नावाची मुलगी दाराशी येते, आवाज ओळखते आणि आनंदाच्या भरात दार न उघडताच आत पळते! आतली माणसे त्याच पेत्रासाठी प्रार्थना करत बसलेली, आणि तो दारात उभा आहे म्हटल्यावर तिला वेडी ठरवतात. बिचारा पेत्र बाहेर ठोकतोच आहे. वाचताना हसू येते, पण अशी घरे मी पाहिली आहेत.

होल्मन हंट ह्या इंग्रज चित्रकाराचे १८५१ ते १८५३ ह्या काळात काढलेले एक चित्र तुम्ही कोणत्या ना कोणत्या कॅलेंडरवर त्याच्या नकलांमधून पाहिले असेल. हातात कंदील घेऊन प्रभू येशू एक दार ठोठावत आहे. दाराला वेली चढल्या आहेत, खिळे गंजले आहेत, आणि बाहेरच्या बाजूला मूठच नाही. मूठ आतून. प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायावरून हे चित्र काढले आहे. लहानपणी आमच्या ओटीवर अशीच एक नक्कल होती. आमच्या दाराला कडी आणि ह्या दाराला नाही, हे मला तेव्हाही विचित्र वाटे.

एवढे सगळे लिहिले, आता जे लिहायचे टाळत होतो तेही लिहितो.

धर्मगुरू झाल्यावर पहिल्या काही वर्षांत मी दुसऱ्या एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. धर्मगुरू निवास जुना, दुमजली. दार सागवानी, त्यावर लोखंडी कडी. पण बेल होती, त्यामुळे कडीकडे कोणी बघत नसे. दरवर्षी सणाच्या आधी दाराला ऑइल पेंट मारत आणि रंगारी कडीसकट सगळ्यावरून ब्रश फिरवत. माझ्या देखत दोनदा तरी तसे झाले. कडी दाराला चिकटून बसली होती.

जुलै महिन्यात एका रात्री वीज गेली. पाऊस कोसळत होता, पडवीच्या पत्र्यावर एवढा आवाज की दुसरे काही ऐकू येऊ नये. साधारण दोनच्या सुमारास मला दारावर थापटल्यासारखे वाटले. मी उठून बसलो. पुन्हा तसेच वाटले. वाऱ्याने खिडकी हलत असेल असे मी स्वतःला सांगितले आणि पांघरूण ओढून झोपलो. खरे सांगायचे तर मला वाटले होते की कोणीतरी असावे. जिना उतरायचा कंटाळा आला.

सकाळच्या मिस्साआधी कळले. वाडीच्या टोकाला राहणारा एक तरुण आला होता, आईच्या रुग्णाभ्यंग संस्कारासाठी मला न्यायला. त्याने बेल दाबली, मग हाताने दार थोपटले, मग परत गेला, कारण आईजवळ दुसरे कोणी नव्हते. ती पहाटे चारला गेली.

दफनविधी मीच केला. कबरस्तानातून परतताना तो माझ्याजवळ आला. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "फादर, वीज नव्हती ना. बेल वाजलीच नसणार." मी मान हलवली. त्याने मला एक पळवाट दिली आणि मी ती घेतली. पुढे मी पापनिवेदनात ते सांगितले, पण त्याला मात्र सांगितले नाही. काही वर्षांनी सांगायचे ठरवून गेलो तेव्हा घराला कुलूप होते. नोकरीसाठी तो परदेशी गेला होता.

त्याच संध्याकाळी मी स्वयंपाकघरातली जुनी सुरी घेऊन कडीवरचा रंग खरवडला होता. रंगाचे सहा-सात थर निघाले, निळा, हिरवा, तपकिरी, पुन्हा निळा. रॉकेल घातले, हातोडीने हळूहळू ठोकले, तेव्हा कुठे ती सुटली. डरहॅमच्या दारावरच्या खोल्यांत झोपणाऱ्या माणसांविषयी मी नंतर वाचले. त्यांची नावे कुठे लिहिलेली नाहीत.

आपल्या धर्मगुरू निवासाचे नूतनीकरण सुरू आहे हे आपण जाणताच. पुढचे दार बदलायचे ठरले तेव्हा समितीतील काहींनी विचारले की कॅमेऱ्याची बेल लावली तर कडी कशाला. बेल लावू, इन्व्हर्टरही जोडू. पण मोडकळीला आलेल्या एका जुन्या घराची कडी आपल्या एका कुटुंबाने चर्चला देऊ केली आहे, ती ह्या आठवड्यात सुतार बसवणार आहेत. सिंहबिंह काही नाही, साधी लोखंडी कडी आहे, आजोबांच्या वेळची. रंगाऱ्याला तिच्यावर रंग मारू नये असे सांगितले आहे. कडी जड आहे, पुरती वर उचलून सोडावी लागते. माझी खोली दाराच्या बरोबर वर आहे.

आपला,
धर्मग्रामाचा प्रमुख धर्मगुरू